फायदा, गैरफायदा आणि ‘एक्सप्लॉइट’

आपल्या शब्दांच्या भागात आज एक इंग्रजी शब्द घेतला आहे, एक्सप्लॉइट. हा शब्द आता गावात पोहोचला आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुली तो बोलतात, मालिकांमध्ये तो ऐकू येतो, तालुक्याहून बैठकीला आलेले साहेब आणि मॅडम बोलता बोलता टाकून जातात. आपण मान डोलावतो. काहीतरी वाईट झालं एवढं सुरावरून कळतं. पण काय झालं, कुणी केलं, कशात केलं, हे काही त्या शब्दातून कळत नाही. कुणाच्या मजुरीतले पन्नास रुपये कापले तरी एक्सप्लॉइट, आणि कुणा मुलीवर अत्याचार झाला तरी एक्सप्लॉइट. एवढं सगळं एकाच शब्दाच्या पोटात गेलं, की तक्रार कागदावर उतरेपर्यंत पार पातळ होते. म्हणून हा शब्द जरा उकलून बघू.

उकलून बघू असं म्हटलं ते उगीच नाही. या शब्दाचं मूळ लॅटिन भाषेत आहे आणि त्या मुळाचा अर्थच घडी मोडणं, उलगडणं असा आहे. लुगड्याची घडी मोडावी तसं आत दडलेलं बाहेर काढायचं. तिथून तो फ्रेंचमध्ये गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंच भाषेत आजही शेती कसणाऱ्याला सरकारी कागदावर ‘एक्सप्लॉयतां’ म्हणतात, म्हणजे जमिनीतून पीक काढणारा. त्यात शिवी नाही, आरोप नाही. आपल्या सातबाऱ्यावर खातेदार लिहितात तसा तो साधा शब्द आहे.

इंग्रजीत त्याला आणखी एक अर्थ आहे, तो ऐकून तुम्हाला हसू येईल. पराक्रम! मुलांच्या इंग्रजी पुस्तकात एखाद्या शूर सेनापतीचे ‘एक्सप्लॉइट्स’ असा धडा असला, तर त्याने कुणाला लुबाडलं असं समजू नका. तिथे त्याच्या शौर्याच्या गोष्टी असतात. हा अर्थ असताना बोलण्याचा जोर पहिल्या अक्षरावर येतो, आणि फायदा उपटण्याचा अर्थ असेल तर शेवटच्या ‘प्लॉइट’वर. मोबाईल-कॉम्प्युटरवाल्यांचाही एक अर्थ आहे. प्रोग्रॅममध्ये राहून गेलेली फट शोधून त्यातून आत घुसण्याची जी युक्ती असते, तिलाही ते एक्सप्लॉइट म्हणतात. हे दोन्ही अर्थ माहीत असू द्यात, आज आपलं काम त्यांच्याशी नाही.

आपलं काम आहे ते मधल्या अर्थाशी. एखाद्या गोष्टीतून पुरेपूर काढून घेणं. खाणीतून कोळसा काढला, समुद्रातून तेल काढलं, तरी इंग्रजीत हाच शब्द. त्यात वाईट काही नाही. पण हाच शब्द माणसाला लावला की अर्थ फिरतो. युरोपात गिरण्या उभ्या राहिल्या, बाया आणि पोरं तिथे चौदा-चौदा तास उभी राहू लागली, त्या एकोणिसाव्या शतकात हा वाईट अर्थ इंग्रजीत पक्का झाला. आम्हाला यात एक गोष्ट मोठी बोलकी वाटते. खाणीसाठी आणि माणसासाठी शब्द एकच. माणसाकडे खाण म्हणून बघितलं, किती निघेल एवढाच हिशोब केला, की तो शब्द आपोआप आरोप होतो.

आता आपल्या मराठीकडे येऊ, कारण मराठी इथे इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. ‘फायदा घेणे’ हा आपला शब्दही दुतोंडी आहे. ‘योजनेचा फायदा घ्या’ असं ग्रामसेवक सांगतो तेव्हा ते चांगलं. ‘तिच्या भोळेपणाचा फायदा घेतला’ म्हटलं की वाईट. ‘लाभ’ मात्र सोवळ्यातला आहे. पत्रिकेत ‘कार्यक्रमाचा लाभ घ्यावा’ असंच छापतात. वाईटच सांगायचं असेल तर आपण ‘गैर’ जोडतो आणि गैरफायदा म्हणतो. मग ‘वापरून घेणे’ आहे, गोड बोलून काम करून घेतलं आणि नंतर ओळख दिली नाही. ‘राबवून घेणे’ आहे, अंगमेहनत काढून घेतली आणि मोबदला नाही किंवा तुटपुंजा. ‘लुबाडणे’ म्हणजे पैसा किंवा वस्तू नेली. ‘नाडणे’ हा जुना शब्द आता कमी ऐकू येतो. अडलेल्याला अडवून त्याच्याकडून काढून घेणं, ते नाडणं. ‘अडला हरी’ही तुम्हाला माहीत आहेच.

आणि दोन मोठे शब्द, पिळवणूक आणि शोषण. पिळवणूक पिळण्यातून आली. धुणं पिळतो, चरकात ऊस पिळतो, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मागे उरते चिपाडं. शोषण हा शब्द संस्कृत, पण घरातला आहे. घशाला शोष पडतो तो हाच. न्हाणीच्या पाण्यासाठी आपण दाराशी शोषखड्डा खणतो तोही हाच. सुकवणं, ओलावा ओढून घेणं. इंग्रजी शब्दात उलगडणं आहे, आपल्या शब्दात सुकणं आहे. ज्याने काढून घेतलं त्याच्या बाजूने इंग्रज बोलतो, आणि ज्याचं काढून घेतलं त्याच्या बाजूने मराठी बोलते. निदान आम्हाला तसं वाटतं.

हे सुकणं नुसतं म्हणण्यापुरतं नाही. केंद्रीय भूजल मंडळ जमिनीखालच्या पाण्याचा हिशोब मांडतं. पावसाने वर्षाला जेवढं पाणी जमिनीत मुरतं, त्यातलं उपसता येण्याजोगं किती आणि प्रत्यक्ष उपसलं किती, हे बघतात. सत्तर टक्क्यांपर्यंत उपसा असला तर तो भाग सुरक्षित. नव्वदपर्यंत गेला तर अंशतः शोषित, शंभरपर्यंत शोषित, आणि शंभरच्या वर गेला की अतिशोषित. इंग्रजी अहवालात अतिशोषितसाठी लिहिलेला शब्द ‘ओव्हर-एक्सप्लॉइटेड’ असा आहे. बघा, तोच शब्द इथे भेटला. शंभरच्या वर म्हणजे काय, तर यंदा मुरलेलं तर उपसलंच, शिवाय मागच्या वर्षांचं साठलेलंही काढलं. विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि हंडा घेऊन लांब कोण जातं, हे तुम्हाला सांगायला नको. वापर आणि शोषण यांच्यातली रेघ इथे आकड्यात दिसते. जेवढं भरून येतं तेवढं घेतलं, तर तो वापर. भरून येऊच दिलं नाही, तर ते शोषण.

माणसालाही हे माप लावून बघा. दिवसभर खुरपणी केली, मजुरी हातात आली, पोटभर जेवण झालं, रात्रीची झोप झाली, आजारपणाला चार पैसे उरले, तर उद्या बाई पुन्हा उभी राहते. भरून येतं. पण मजुरी अशी, की त्यात औषध बसत नाही आणि सुट्टी घेतली तर दंड बसतो, तर दर वर्षी अंगातलं थोडं थोडं उपसलंच जातं.

आता कायद्याकडे वळू. आपल्या संविधानात मूलभूत हक्कांमध्ये ‘शोषणाविरुद्धचा हक्क’ आहे. इंग्रजी प्रतीत तिथे एक्सप्लॉइटेशन हाच शब्द आहे. त्यात कलमं दोनच, २३ आणि २४. चोविसावं सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवता येणार नाही. तेविसावं माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि तशाच प्रकारची सक्तीची मजुरी यांना मनाई करतं. गंमत अशी, की या कलमाच्या इंग्रजी मजकुरातसुद्धा ‘बेगार’ हा आपलाच शब्द जसाच्या तसा ठेवला आहे. आपल्याकडची वेठ काय असते हे सांगायला इंग्रजी शब्द पुरला नसावा.

वेठ काय होती ते ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांना विचारावं. आज तो भाग पालघर जिल्ह्यात आहे, तलासरी, डहाणूकडचा. तिथे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा गडी ‘लग्नगडी’ होई. म्हणजे कर्ज त्याचं, पण जमीनदाराकडे राबायचं नवरा-बायको दोघांनी, आणि वर्षानुवर्षं राबूनही ते कर्ज फिटत नसे. १९४५ साली किसान सभेच्या पुढाकाराने वारली उठले आणि वेठीला नाही म्हणाले. त्या लढ्यात पुढे असलेल्या गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. गटात वाचनाचा तास असेल तर जरूर वाचा. कर्ज एकाने काढलं आणि त्यात बायकोचे हात न विचारता गहाण पडले, ही गोष्ट त्यात नीट बघा. तिला पुढे आपण पुन्हा भेटणार आहोत.

कुणी म्हणेल, आता कोण कुणाला काठी दाखवून कामाला नेतं? मजूर आपल्या पायाने येतो, मग सक्ती कसली? या प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिलं आहे. दिल्लीत आशियाई खेळांसाठी मैदानं आणि रस्ते बांधणं चाललं होतं. देशभरातून मजूर नेले होते. किमान मजुरी होती दिवसाला सव्वानऊ रुपये. ती मजुराच्या हातात न जाता जमादाराच्या हातात जाई आणि जमादार रोजचा एक रुपया कापून सव्वाआठ देई. बायांना तर सात रुपयेच मिळतात, अशीही तक्रार होती. एका लोकशाही हक्क संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना साधं पत्र लिहिलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानलं. निकालात सांगितलं, की किमान मजुरीपेक्षा कमी पैशात कुणी काम करत असेल, तर ते सक्तीचंच काम आणि तेविसाव्या कलमाचा भंग. कारण सक्ती नुसती काठीची नसते. भूक आणि गरिबी यांचीही सक्ती असते. दुसरा मार्गच नसलेला माणूस मिळेल ते घेतो, त्याला त्याची मर्जी म्हणता येत नाही.

मैत्रिणींनो, आजच्या विषयाचा गाभा हाच आहे. ‘ती हो म्हणाली होती की!’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकतो. मजुरीत ऐकतो, वाटणीत ऐकतो, मुलीच्या बाबतीत तर फारच ऐकतो. हो म्हणाली हे खरं असेलही. प्रश्न असा, की तिला नाही म्हणता येत होतं का? नाही म्हटल्यावर तिचं काय झालं असतं? काम गेलं असतं, घर गेलं असतं, मार बसला असता, उचल अंगावर आली असती? भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात, माणसांच्या व्यापाराचं कलम १४३ आहे. धमकी देऊन, फसवून, आमिष दाखवून किंवा आपल्या अधिकाराचा गैरवापर करून शोषणासाठी कुणाला नेलं, तर तो व्यापार. आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की नेलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, याला महत्त्व नाही. शहरात घरकामाची चांगली जागा देतो म्हणून मुलीला नेणाऱ्याने ‘ती स्वखुशीने आली’ असं सांगितलं, तरी एवढ्याने तो सुटत नाही.

घरातल्या कागदांनाही हेच लागू आहे. करार कायदा १८७२ सालचा, म्हणजे फार जुना. त्यातलं सोळावं कलम म्हणतं, की एक जण दुसऱ्याच्या इच्छेवर हुकूम चालवू शकेल अशा जागी असेल आणि त्या जागेच्या जोरावर त्याने गैरवाजवी फायदा उचलला, तर तो करार दबावाखालचा. वय, आजारपण, मनाचा किंवा शरीराचा त्रास यामुळे जिची समज डळमळली आहे, तिच्याकडून घेतलेली सहीसुद्धा यात येते. असा करार तिला न्यायालयातून रद्द करून मागता येतो. नवरा जाऊन महिना झालेला नसताना सासरच्यांनी पुढे केलेला कागद डोळ्यासमोर आणा, म्हणजे कलम समजेल.

आता लग्नगड्याच्या त्या गोष्टीला पुन्हा भेटू. ऊसतोडीला आमच्या-तुमच्यातल्या कितीतरी जणी जातात. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि सहसा ती नवऱ्याच्या हातात पडते. फिटते ती दोघांच्या कष्टातून. बाई पहाटे स्वयंपाक करते, फडात मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पण हिशोबाच्या वहीत तिचं नाव वेगळं नसतं. खाडा झाला की दंड, मग तो पाळीचा असो की बाळंतपणाचा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर बोभाटा झाला, २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, ते या खाड्याच्या धाकापासून वेगळं काढता येत नाही. ही कुठली गोष्ट फायदा, कुठली गैरफायदा, कुठली शोषण? उचल घेणं म्हणजे काही शोषण नाही, अडीनडीला पैसा लागतोच. पण उचल फिटेपर्यंत दुसरीकडे कामाला जाता येणार नाही, गावी जाता येणार नाही, अशी अडवणूक झाली, तर तिथे १९७६चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागू शकतो. त्या कायद्याने वेठीला बांधणारं कर्जच रद्द ठरतं, आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर उद्यापासून सगळंच शोषण दिसायला लागेल. सावड घ्या. आज तुझ्या शेतात आम्ही सगळ्या, उद्या आमच्या शेतात तू. एकमेकींची मेहनत वापरलीच की, पण ती फिरून परत आली. बाजारात दोन रुपये कमी करून मागणारं गिऱ्हाईकही आपलं शोषण करत नाही, आपण नाही म्हणू शकतो आणि पाटी पुढे नेऊ शकतो. सुनेने भाकरी थापल्या हे शोषण नाही. सुनेने बारा महिने तेरा काळ सगळं केलं, तिला माहेरी जायला परवानगी मागावी लागली आणि तिच्या कमाईचं पासबुक दुसऱ्याच्या ट्रंकेत राहिलं, तर मात्र शब्द शोधावा लागेल. एक बारीक प्रश्न आहे तो ‘मानधन’ या शब्दाचा. आशाताईंना सरकार स्वयंसेविका म्हणतं, त्यामुळे त्यांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. काम मात्र रात्री-अपरात्रीचं. याला काय म्हणायचं यावर मतं वेगळी आहेत. आमचं मत असं, की मान आणि धन हे दोन शब्द जोडले, म्हणून दोन्ही मिळतातच असं नाही.

गटाच्या कर्जातही हा शब्द शिरतो. एकीच्या नावावर कर्ज आणि पैसे नेले दुसरीने, हे बहुतेक गावांत माहीत असलेलं गुपित आहे. मैत्री म्हणून सुरू होतं, हप्ता थकला की नावावरची बाई अडकते. सूक्ष्मवित्त कंपन्यांच्या वसुलीबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२२चे नियम आहेत. घराचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर हे कर्ज बिनातारण असतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचे फोन, शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास हे सगळं मना आहे. दारात बसून राहणाऱ्या माणसाला हे वेळेचं बंधन सांगता येतं.

तर हा शब्द वापरायचा कसा? बोलताना वापरा, हरकत नाही. ‘कंपनी कामगारांना एक्सप्लॉइट करते’ हे वाक्य आता मराठीच झालं आहे. पण एखादी मुलगी ‘त्याने मला एक्सप्लॉइट केलं’ म्हणाली, तर तिथे थांबा. बऱ्याचदा ती या इंग्रजी पदराआड उभी असते, कारण खरा शब्द तोंडातून निघत नाही. तिला घाई करू नका, पण तेवढ्यावर गोष्ट सोडूही नका.

कागदावर मात्र एकटा हा शब्द पुरत नाही, आणि एकटा ‘शोषण’सुद्धा पुरत नाही. ‘ठेकेदाराने आमचे शोषण केले’ एवढंच लिहिलं, तर साहेबाला त्यावर काही करता येत नाही. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आम्ही अकरा जणींनी काम केलं, रोज इतके ठरले होते, इतके दिले, हजेरीची वही मुकादमाकडे आहे, मागायला गेलो तेव्हा तो हे हे शब्द बोलला, असं लिहा. अत्याचाराची तक्रार असेल तर पोलीस ठाण्यात ती महिला अधिकाऱ्याने नोंदवून घ्यायची असते. तोंडी सांगितलं तरी चालतं, लिहून घेणं त्यांचं काम. लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. आपण सांगितलं त्याच्या जागी दुसराच गुळगुळीत शब्द आला असेल तर तो बदलून घ्या, मगच सही किंवा अंगठा. आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत मागून घ्या, ती फुकट मिळते.